कोचीला जायचं तर तरण्या पावसात

जून सरत आला की कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "केरळला कधी जावं गं? डिसेंबर बरा ना?" मी दरवेळी तेच उत्तर देते आणि मला वेड्यात काढलं जातं. म्हणून आज नीट लिहिते. मुन्नार, हाउसबोट, चहाचे मळे यांचं तुम्ही तुमच्या सोयीने ठरवा. पण जुनं कोची, म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, बघायचं असेल तर जुलैत जा. भर पावसात जा.

आम्ही दोघं २०२४ च्या जुलैत गेलो. तिकिटं काढून देणारा म्हणाला होता, "मॅडम, ऑफ सीझन आहे, काही दिसणार नाही." नेत्रावती एक्स्प्रेस पावसाळी वेळापत्रकाने चालत होती, त्यात त्याच आठवड्यात रुळांवर दरड येऊन गेली होती, त्यामुळे पोचायला उशीर झाला. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून बोट धरली तेव्हा चहूबाजूंनी ताडपत्रीचे पडदे सोडलेले होते आणि आत माणसं ओल्या छत्र्या पायांत धरून बसली होती. मी एका फटीतून बाहेर बघत होते. पाणी, आभाळ, उभी असलेली जहाजं, सगळं एकाच राखाडी रंगाचं. तेवढ्यात त्या राखाडीतून मासेमारीच्या चिनी जाळ्यांचे मोठाले सांगाडे पुढे आले. त्या क्षणी मला पटलं की आपण चुकीच्या महिन्यात आलेलो नाही.

आम्ही उतरलो होतो ते एका वयस्क जोडप्याचं घर. संध्याकाळी चेचींनी (चेची म्हणजे ताई) समई लावली आणि त्यांचे यजमान, आमच्यासाठी आजोबा, रामायण घेऊन बसले. मल्याळममधलं, एका संथ चालीत. आम्हाला अक्षर कळत नव्हतं, पण चाल ऐकून आमच्या गावच्या देवळातली पोथी आठवली. आदल्या दिवशीच त्यांचा कर्किडकम महिना लागला होता. सूर्य कर्केत गेला की सुरू होतो, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मल्याळी वर्षातला हा शेवटचा महिना, पूर्वी घरातलं धान्य संपत आलेलं असायचं असा. म्हणून घरोघरी महिनाभर रामायण, आणि अंगात ताकद राहावी म्हणून औषधी पेज. आम्हालाही मिळाली. ञवरा नावाच्या तांदळाची, मेथी आणि नारळाचं दूध घातलेली. मी पेजेवर वाढलेली बाई, मला ती परकी वाटलीच नाही.

जेवण झाल्यावर पडवीत बसलो होतो. पाऊस असा की पुढचं फाटक दिसेना. मी नवऱ्याला सहज म्हटलं, "पुनर्वसू आहे ना, तरणा पाऊस, असाच पडायचा." आजोबांनी त्यातला एकच शब्द पकडला. "पुनर्वसू? पुणर्तम?" आणि मग मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, बोटांवर मोजत आमचं जे काही सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. आमचं मृग ते त्यांचं मकयिरम. आमचं आर्द्रा ते तिरुवातिरा. पुष्य ते पूयम, आश्लेषा ते आयिल्यम, मघा ते मकम. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, त्याला ते ञाट्टुवेला म्हणतात. पेरायचं काय, लावायचं काय, सगळं त्याच हिशोबाने. माझे बाबा कॅलेंडरवर तारखेखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत नक्षत्र लिहून ठेवायचे. वाहन कोणतं, बेडूक की म्हैस की कोल्हा, हेही. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्या पडवीत बाबांची फार आठवण आली.

आजोबांनी मग मिरीची गोष्ट सांगितली. तिकडे ती लहान पोरालाही ठाऊक असते. पोर्तुगीज मिरीचे वेल जहाजात भरून नेऊ लागले तेव्हा लोक घाबरून कालिकतच्या राजाच्या, झामोरीनच्या, दरबारात गेले. तेव्हा मंत्री म्हणाला, "नेऊ देत वेल. आपली तिरुवातिरा ञाट्टुवेला थोडीच नेता येणार आहे!" आर्द्रातला पाऊस तिकडे धार न तुटता पडतो असं म्हणतात आणि मिरीचा वेल लावायचा तो त्याच दिवसांत. पाऊस लागला की वेलाला तुरे येतात, परागीकरणाला तोच पाऊस मदत करतो आणि दाणे काढायला येतात थेट हिवाळ्यात. गोष्ट दंतकथा असेल, पण शेतीचं त्यातलं म्हणणं खरं आहे.

कोचीला जुलैतच जा म्हणते ते यासाठी. या शहराची प्रत्येक गोष्ट पावसाशी बांधलेली आहे. बंदराचा जन्मसुद्धा पुरातला मानतात. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेकडचं जुनं मुझिरिस बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं. त्या मुझिरिसला रोमन लोक याच मोसमी वाऱ्यावर यायचे. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या ओसेलिसहून ४० दिवसांत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. पण ऐन पावसात या किनाऱ्यावर शिडाचं जहाज लागत नसे. दर्या बंद. सप्टेंबरनंतर जहाजं यायची आणि मिरी भरून जानेवारीच्या सुमाराला परतीला लागायची. मधले महिने गाव वाट बघायचं. डिसेंबरात आपण जे बघतो ते जहाजं आल्यानंतरचं कोची. जुलैत दिसतं ते वाट बघणारं. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ ला इथे वारला, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याच्या थडग्याची जागा दाखवतात (अवशेष पुढे १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले), तिथे फोटो काढून लोक पुढे जातात. मला त्या चर्चपेक्षा बंद दर्या जास्त कळला. कारण तो आपल्याकडेही आहे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी, शाकारून ठेवलेल्या होड्या, नारळी पौर्णिमेची वाट. आजही महाराष्ट्रात १ जूनपासून आणि केरळात ९ जूनच्या मध्यरात्रीपासून यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी, तिकडे ती ट्रॉलिंगपुरती, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या बोटींपुरती. दोन्हीकडे सुटते ३१ जुलैला.

चिनी जाळी मात्र चालू होती. सकाळी पाऊस जरा ओसरल्यावर मी तासभर त्यातल्या एकापाशी उभी राहिले. पाग, डोल, रापण ही आपली जाळी बघत लहानाची मोठी झालेली मी, पण हे यंत्र वेगळंच. एक माणूस आडव्या लाकडावरून तोल सांभाळत पुढे चालत गेला, तेवढ्या वजनाने अख्खं जाळं पाण्यात झुकलं. मागे दोरांना कमीजास्त उंचीवर मोठे धोंडे टांगलेले. वर ओढताना धोंडे एकेक करून फळ्यांवर टेकत जातात आणि भार सावरला जातो. चौघांनी "होय, होय" करत ओढलं. वर काय आलं? हिरवीगार जलपर्णी. पावसात नद्यांच्या पाण्याबरोबर ती सगळी इथे वाहत येते. दोन माणसं वाकून ती हाताने उपसून परत पाण्यात टाकत होती, मुळ्या बोटांत गुंतत होत्या, आणि तळाला निघाले बोटभर सात-आठ मासे, एक खेकडा. त्यांनी पुन्हा जाळं सोडलं. पुन्हा जलपर्णी. कुणी हसलं नाही, चिडलंही नाही. डिसेंबरच्या सूर्यास्तात याच जाळ्यांचे फोटो सुंदर येतात, मान्य. पण हे कष्टाचं साधन आहे हे मला त्या सकाळी दिसलं.

मट्टनचेरीच्या बाजार रोडवर दुपारी गेलो. जुन्या वखारी, कौलांवरून पागोळ्या गळताहेत, दारं अर्धी ओढलेली. ओली हवा वास धरून ठेवते. सुंठ, मिरी, जायफळ आणि भिजलेलं गोणपाट असा एकत्र वास रस्त्याच्या मधोमध उभा होता. एका वखारीत गोणींना ओल लागू नये म्हणून खाली फळ्या घातल्या होत्या आणि एक काका गोणीत कोपरापर्यंत हात घालून आतली मिरी गरम झाली का ते चाचपत होते. आमची आई तांदळाच्या कणगीत असाच हात घालायची.

राजवाडा (पोर्तुगीजांनी बांधलेला, म्हणतात मात्र डच पॅलेस) रामायणाच्या भित्तिचित्रांसाठी जरूर बघा. १५६८ चं ‘परदेशी सिनेगॉग’ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाने आवर्जून माहीत करून घ्यावी. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून गेलेली कोकणी मंडळी मट्टनचेरीत अजून आहेत, चेरलाई भागात त्यांचं तिरुमल देवस्वम मंदिर आहे. डच गव्हर्नर व्हॅन रीडने मलबारच्या वनस्पतींचा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी ब्राह्मण होते आणि त्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलंय. १६७८ साली! हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी खोटी ठरेन. फोर्ट कोचीच्या दक्षिणेला चेल्लानम आहे. तिथे पावसाळ्यात समुद्र घरात शिरतो. किनाऱ्याच्या काही भागाला टेट्रापॉडची (काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांची) भिंत झालीय, उरलेल्यांचा जीव अजून टांगणीला असतो. आणि आम्ही परत आल्यावर आठवड्याभरात, ३० जुलैला, वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली. मी दोन दिवस टीव्हीसमोरून उठू शकले नाही. म्हणून पाऊस बघायला जा म्हणताना जबाबदारीने सांगते. रेड अलर्ट असेल तर घरात थांबा. त्या दिवसांत घाटाकडे जाऊच नका, समुद्राच्या भिंतीवर चढून सेल्फी काढू नका आणि ज्यांच्या अंगणात पाणी आहे त्यांचे व्हिडिओ काढू नका. हाताशी दोन दिवस जादा ठेवा, गाड्या रखडतात. जीन्स नको, वाळत नाही. बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनासाठी जायचं असेल तर मात्र डिसेंबरच, त्याला इलाज नाही.

आम्ही होतो तेव्हाच पुनर्वसू संपून पुष्य लागला. मी आजोबांना सांगितलं, आमच्याकडे आता याला म्हातारा पाऊस म्हणतात. त्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी चेचींना आतून हाक मारून सांगितलं आणि मग दोघांनी तो शब्द म्हणून बघितला. "म्हा-ता-रा."

निघताना त्यांनी मिरीच्या वेलाचे दोन तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून दिले. एक जगला, पोफळीवर चढलाय.

आता आमचा नेम आहे. पाऊस तिकडे पोचला की त्यांचा मेसेज येतो. २०२५ साली २४ मेलाच आला, नुसता व्हॉइस मेसेज, त्यात फक्त कौलांवरचा आवाज. दुसऱ्या दिवशी आमच्याकडेही आभाळ भरून आलं आणि मी अंगणातले वाळत घातलेले कोकम उचलायला धावले.