काका, शाई नळ्यांत आहे

नमस्कार काका. आमच्याकडून घेतलेल्या शाईच्या टाकीवाल्या नव्या प्रिंटरबद्दलचा आपला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. प्रिंटर बसवायला आमच्या दुकानातला मुलगा अकराला येणार होता, तो पावणेदोनला पोहोचला आणि मधे फोनही केला नाही, याबद्दल मनापासून माफी मागते. सुदामानगरचं काम लांबलं होतं, पण आपल्याला तसं कळवायला हवं होतं.

मात्र आपण पुढे लिहिलंय, "चार भरलेल्या बाटल्या ओतल्या, अर्ध्या तासात टाक्या खाली उतरल्या आणि बाटल्या बॅगेत घालून पोरगा निघून गेला. शाई मारली." हे वाचून मला झोप लागली नाही. रामबागेत सोळा वर्षं दुकान आहे आमचं. उशीर झाला, महाग पडलं, असं लोक बोलले, ते ऐकून घेतलं. चोरीचं कुणी बोललं नव्हतं.

काका, आपला जुना प्रिंटर कार्ट्रिजवाला होता. त्यात हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, कार्ट्रिजलाच असतं, म्हणून कार्ट्रिज बसवलं की लगेच पान निघायचं. नव्या टाकीवाल्यात हेड मशीनमध्येच कायमचं असतं आणि टाक्या बाजूला. दोन्हींच्या मधे प्रत्येक रंगाची एक बारीक नळी. खोक्यातून मशीन निघतं तेव्हा त्या नळ्यांत शाई नसते. पहिल्यांदा चालू केलं की आतला पंप टाकीतून शाई ओढतो, नळ्या भरतो, हवा बाहेर काढतो, आणि त्यात थोडी शाई वाया गेलेली शाई शोषणाऱ्या आतल्या पॅडमध्येही जाते. याला आम्ही चार्जिंग म्हणतो. मॉडेलप्रमाणे दहा ते वीस मिनिटं लागतात. टाकीची पातळी उतरते ती याचमुळे, आणि हे एकदाच होतं. पहिल्या बाटल्यांतून नंतरच्या बाटल्यांपेक्षा कमी पानं निघतात, हे मशीनबरोबरच्या पुस्तिकेतही छापलेलं आहे. एप्सनने असला प्रिंटर २०१० मध्ये पहिल्यांदा काढला. भारतात आल्यापासून आम्ही बसवतोय. दर नव्या मशीनला असंच होतं.

आता एक गोष्ट लिहायची नव्हती, पण आपण सगळ्यांसमोर लिहिलंत म्हणून लिहिते. चार्जिंग चालू असताना आपण मोबाईल लावायला प्रिंटरच्याच बोर्डाचं बटण बंद केलंत. मुलगा "काका, दहा मिनिटं थांबा" म्हणाला होता. आपल्याला माहीत नव्हतं, त्यात आपला काही दोष नाही. पण मशीनने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं आणि शाई दुसऱ्यांदा ओढली. इतरांकडे उतरते त्यापेक्षा आपल्याकडे जास्त उतरली ती म्हणून.

रिकाम्या बाटल्या तो घेऊन आला, ही आमची चूक. आपल्या घरात कचरा राहू नये म्हणून थर्माकोल आणि खोक्याबरोबर त्याने त्या उचलल्या. आपल्याला दाखवून, विचारून उचलायला हव्या होत्या. चारही बाटल्या दुकानात ठेवल्या आहेत, एकीतही थेंब नाही. त्या मुलाने आपला रिव्ह्यू वाचला. बारावीनंतर घर चालवायला कामाला लागलेला मुलगा आहे, आज जेवला नाही.

जुन्या प्रिंटरचे चारशे रुपयेच दिले, हेही आपण लिहिलंय. तो पुढे विकता येत नाही. तो आम्ही ई-कचऱ्यातच देतो. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत त्याचा वेगळा खण आहे, आपणही देऊ शकला असतात. चारशे आम्ही नव्याच्या किमतीतून सोडले.

यापुढे उशीर होणार असेल तर फोन जाईल, आणि चार्जिंगचं आधी समजावून सांगायला मुलांना बजावलं आहे. कागदावर छापून देण्याचंही बघते आहे.

आठवड्यातून एक रंगीत पान नक्की काढत जा, नाहीतर उन्हाळ्यात याचं हेड सुकेल. आणि शंभर पानं झाली की टाक्यांची पातळी बघा. ती आतासारखी झपाट्याने उतरली, तर मला दुकानाच्या नंबरवर फोन करा. मी स्वतः येईन आणि काळ्या शाईची बाटली आमच्याकडून भरून देईन.