पाच वर्षं झाली म्हणून थायरॉइडची गोळी बंद करू नका

"थायरॉइडचा कॅन्सर नावापुरता कॅन्सर. गाठ काढायची, आयोडीनचा डोस घ्यायचा, झालं. पाच वर्षांनी गोळ्या-तपासण्या बंद करा, उगाच हाडं झिजतात." हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला आणि माझ्या चुलत जाऊबाईंनी दीड महिना गोळीच घेतली नाही. माझं ऑपरेशन होऊन अकरा वर्षं झाली. मला गप्प बसवत नाही.

नावापुरता? पॅपिलरी हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण हयात असतात, हे खरं. पण मेड्युलरी प्रकाराच्या पेशी हे किरणोत्सारी आयोडीन शोषतच नाहीत, तिथे तो डोस निरुपयोगी. ॲनाप्लास्टिक तर बहुतेकांना काही महिन्यांतच नेतो. बायॉप्सीच्या रिपोर्टवर प्रकार लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

ऑपरेशन किंवा आयोडीन सगळ्यांनाच लागतं असं नाही. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने 1993 पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या पॅपिलरी गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवल्या. दहा वर्षांत 3 मिलिमीटर किंवा जास्त वाढलेल्या निघाल्या जेमतेम 8 टक्के. फ्रान्समधल्या 2022 च्या अभ्यासात कमी जोखमीच्या रुग्णांना ऑपरेशननंतर डोस दिला काय, न दिला काय, तीन वर्षांनी फरक दिसला नाही. मात्र आजार फुप्फुसात पोहोचला असेल तर हेच आयोडीन जीव वाचवू शकतं. मला ते घ्यावं लागलं. तीन दिवस खोलीत एकटी, जेवणाचं ताट दाराशी ठेवून माणूस निघून जायचा. लाळग्रंथी तेव्हापासून दुखावल्यात. आजही ताकाशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही.

आता ती पाच वर्षांची गोष्ट. या मजकुरातलं सर्वांत घातक वाक्य हेच. पॅपिलरी कॅन्सर सावकाश चालतो, दहा-वीस वर्षांनीही मानेतल्या गाठींत परत डोकावतो. म्हणून मानेची सोनोग्राफी आणि रक्तातलं थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी तयार करतात ते प्रथिन, तपासत राहायचं. ग्रंथी पूर्ण काढल्यावर, आयोडीनही दिल्यावर ते जवळजवळ सापडू नये. वाढत गेलं तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत. आणि ग्रंथीच नसेल तर रोजची गोळी हाच शरीराचा हार्मोन. ती थांबली की अंग जड होतं, सूज येते, नाडी मंदावते. शिवाय टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूकडचा हार्मोन, वर चढतो, आणि उरलेल्या कॅन्सरपेशींना तोच वाढायला लावतो.

हाडांच्या भीतीत तथ्य आहे. गोळीची मात्रा जास्त देऊन टीएसएच वर्षानुवर्षं फार खाली ठेवला तर पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होतात, हृदयाचे ठोकेही अनियमित होऊ शकतात. पण त्यावर उपाय मात्रा कमी करण्याचा. सातव्या वर्षी डॉक्टरांनी माझी गोळी 125 मायक्रोग्रॅमवरून 100 वर आणली. कॅल्शियमची गोळी मी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घेते, नाहीतर कॅल्शियम तिला नीट शोषूच देत नाही.

जाऊबाईंनी परवापासून गोळी पुन्हा सुरू केलीय. पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने. शुक्रवारी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचंय. जुने सगळे रिपोर्ट पिशवीत भरून ठेवलेत.