किंमत न सांगता विचारलेला प्रश्न

गेल्या रविवारी माझे वडील माझ्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन कॉलेज रोडवरच्या एका फास्ट फूडच्या दुकानात गेले. दारावर बर्गरचे चित्र होते आणि त्याखाली '99 रुपयांपासून' असे लिहिलेले होते. त्यातला आकडा रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढा मोठा आणि 'पासून' हा शब्द चष्मा लावूनही शोधावा लागेल एवढा बारीक होता. दोन बर्गरचे 198 रुपये, त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 208 रुपये लागतील असा हिशेब करून ते आत गेले आणि 659 रुपये देऊन बाहेर आले. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये उभी हयात एकेका नोटेचा हिशेब देण्यात घालवलेला हा माणूस आहे. घरी आल्यावर त्यांनी बिल माझ्या हातात दिले आणि 'माझंच काहीतरी चुकलं असेल' असे म्हणाले. त्या एका वाक्याने मला जो संताप आला आहे, तो अजून उतरलेला नाही.

चूक त्यांची नव्हती. बिलावर प्रत्येक बर्गरमागे 'मील'चे, म्हणजे सोबतच्या फ्राइज आणि पेयाचे, 130, चीज स्लाइसचे 30 आणि 'लार्ज'चे 50 रुपये लावलेले होते. 99 चा बर्गर अशा रीतीने 309 ला गेला, दोनांचे 618 झाले, कर धरून 649, आणि सर्वांत शेवटी देणगी म्हणून 10 रुपये. काउंटरवरच्या मुलाने काय काय विचारले, ते मी वडिलांकडून शब्दशः ऐकून घेतले. 'काका, मील करू ना?' 'चीज असू दे ना?' 'लार्जच देतो, चालेल ना?' या तीन प्रश्नांत एकाही ठिकाणी रुपयाचा उच्चार नाही, आणि प्रत्येकाच्या शेवटी तो 'ना' आहे, जो आपल्या भाषेत समोरच्याच्या तोंडात आधीच होकार ठेवून देतो. मागे रांग उभी, नातू हात ओढतोय, वर झगमगणाऱ्या पडद्यावरच्या किमती दर काही सेकंदांनी बदलताहेत, आणि समोरचा मुलगा आदराने काका म्हणतोय. अशा वेळी सत्तरीचा माणूस 'हो, चालेल' असेच म्हणणार. त्यांना वाटले की बर्गर कसा हवा, एवढेच हा विचारतो आहे. देणगीचे तर विचारलेही नाही.

मी संध्याकाळी ते बिल घेऊन गेलो. व्यवस्थापकाने पडद्याकडे पाहत उत्तर दिले, 'सर, काकांना विचारूनच केलंय.' विचारून म्हणजे काय? 'मील केलंत तर 130 रुपये जास्त लागतील, करू का?' याला विचारणे म्हणतात. किंमत लपवून घेतलेला होकार ही संमती नाही, आणि या प्रश्नांत किंमत येऊ नये एवढीच काळजी घेतलेली असेल, तर ते प्रश्न ग्राहकाची आवड जाणून घेण्यासाठी लिहिलेलेच नाहीत. देणगीचे 10 रुपये मात्र त्याने एकही शब्द न बोलता काढून परत दिले. ज्याची बाजू खरी असते, तो एवढ्या सहज पैसे परत करत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला फसवण्याच्या युक्त्या, यांच्याविरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा 13 युक्त्या नावानिशी सांगितल्या. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात वस्तू किंवा देणगी घुसवणे आणि पूर्ण किंमत आधी उघड न करणे, या दोन्ही त्यात आहेत. मोबाइलच्या पडद्यावर ज्या गोष्टीला मनाई आहे, तीच गोष्ट काउंटरवर तोंडाने केली की ती चांगली विक्री कशी ठरते? शिवाय ग्राहक संरक्षण कायदा 2019 केवळ पडद्यापुरता नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्या कायद्याने याच प्राधिकरणाला दिलेला आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि तिथे काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. हिशेबापेक्षा जास्त गेलेली रक्कम 451 रुपयांचीच आहे असे मला दोघातिघांनी ऐकवले. हे लोक नेमके याच विचारावर जगतात.

आमच्या या शहरात मिसळीची दुकाने गल्लोगल्ली आहेत. मी लहानपणापासून ज्या दुकानात जातो, तिथल्या भिंतीवर मिसळ, जादा पाव, दही, पापड यांचे भाव एकाखाली एक एकाच मापाच्या अक्षरांत लिहिलेले असतात, आणि वाढणारा माणूस दह्याची वाटी ठेवण्यापूर्वी 'याचे वेगळे पडतील' असे सांगतो. त्याला कोणी प्रशिक्षण दिलेले नाही.

काउंटरवरच्या त्या मुलावर माझा राग नाही, हेही सांगतो. मी बाहेर पडताना तो मागून आला आणि हलक्या आवाजात म्हणाला की किती मील लार्ज केले, हे रोज वरून विचारतात. वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या तोंडी असे प्रश्न घालायचे, त्याला ते म्हाताऱ्या माणसांना विचारायला लावायचे आणि वाद झाला की 'त्याने विचारले होते' म्हणून मोकळे व्हायचे, हे मला त्या 451 रुपयांहून जास्त घाणेरडे वाटते.

काल वडील नातवाला घेऊन पुन्हा त्याच रस्त्याने निघाले होते. त्या दारापाशी पोराने हात ओढला, तेव्हा ते त्याला म्हणाले, 'तू पप्पांबरोबर ये, मला तिथलं बोलणं समजत नाही.'