आज्जीला फोटोतून काढा म्हणे

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर लांबलं.

गेल्या रविवारी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात बारशाचे फोटो काढायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. जुनं कौलारू घर, पुढं नवीन स्लॅबची खोली, तिथं फुग्यांची कमान आणि चमकीचा पडदा. फोटो तिथंच काढायचे असं ठरलेलं. काढले. पाळणा, नाव ठेवणं, ओटी, घुगऱ्या, काही सोडलं नाही. मधे पाणी प्यायला आत गेलो, तर मागच्या दारात बाळाची पणजी सुपात तांदूळ निवडत बसलेली. बाळाला कुणीतरी तिच्याजवळ गोधडीवर आणून ठेवलेलं. बाहेर धो धो पाऊस. एक हात सुपात, दुसरा बाळाच्या पोटावर. आणि छपरातल्या काचेच्या कौलातून येणारा उजेड नेमका त्याच हातावर पडलेला. मी तीन फोटो काढले. त्यातला एक अख्ख्या बारशातला सगळ्यात चांगला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आज सकाळी त्या आज्जीच्या नातवाचा फोन आला. "दादा, फोटो एक नंबर आल्यात. तेवढं त्या फोटोतनं आज्जीला काढून टाका की. जुन्या लुगड्यात हाय, मागं सगळा पसारा दिसालाय. आता मोबाईलवर पण एका मिनिटात होतंय म्हणे."

होतंय. एका मिनिटात होतंय, राग त्याचाच आहे. आज्जीला काढलं तर बाळाच्या पोटावरचा हात कुणाचा राहील?

माझ्या आईचा एक फोटो आहे. जवळच्या मित्रांना ठाऊक आहे, तरी सांगतो. १९९६ साली मी खडेबाजारात एका स्टुडिओत हाताखाली होतो. तेव्हा रोल ३६ फोटोंचा. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा मालकाचा कायदा, कारण एक फ्रेम वाया म्हणजे पैसे वाया. एका लग्नाचा रोल संपला, काउंटर ३६ वर आला, पण फिल्म पुढं सरकवायची लिव्हर अजून फिरत होती. रोल भरताना सुरुवातीची फिल्म जपून ओढली की कधी कधी एक फोटो जास्तीचा मिळायचा. तो सदतिसावा फोटो मी घरी येऊन आईवर घालवला. हो, घालवला असंच तेव्हा वाटलं. ती मागच्या दारात तांदूळ पाखडत होती. रोल १०० स्पीडचा, म्हणजे भरपूर उजेड मागणारा, आणि उजेड आषाढातला, त्यामुळे फोटोत तिचे हात हलले. अर्धा चेहरा दिसतो, तोही खाली बघणारा. लॅबवाला म्हणाला, "हा शेक झालाय, प्रिंट नको." मी हट्टानं काढून घेतली.

२००९ मध्ये आई गेली. पेपरात रक्षाविसर्जनाची बातमी द्यायची होती, फोटो पाहिजे होता. मी फोटोग्राफर, आणि माझ्या घरात आईचा धड एक फोटो नाही! लग्नाच्या ग्रुपमध्ये ती चौथ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्यामागं. सत्यनारायणाच्या फोटोत पाठमोरी, प्रसादाचं पातेलं उचलताना. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून छापला. ती बाई माझी आई वाटत नव्हती.

त्यानंतर मी काम करायची रीतच बदलली. घरी फोटो काढायला बोलावलं की पहिला तासभर कॅमेरा बॅगेतच असतो. चहा घेतो, पोरांशी बोलतो, घरात उजेड कुठून येतो ते बघतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत तो तीनच ठिकाणी असतो: पुढचं दार, मागचं दार आणि काचेचं कौल. माणसं काम करायला बसतात तीही तिथंच, म्हणून मला वेगळं काही मांडावं लागत नाही. फ्लॅश लावत नाही. फ्लॅश पडला की माणूस सावध होतो, पदर सारखा करतो, हातातलं काम खाली ठेवतो. त्यापेक्षा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर नेतो, फोटोत दाणे आले तर येऊ देत. ३५ ची लेन्स लावतो, म्हणजे माणसाजवळ जावंच लागतं, लांबून चोरून काढता येत नाही. "हसा" म्हणत नाही. सुपातले तांदूळ हवेत थांबलेले पाहिजेत तर शटर ५०० च्या, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या, पुढं न्यावं लागतं, ते मला येतं. पण पाखडणारे हात मी ६० वरच ठेवतो. हलू देत. आईचे हलले होते.

आपल्या बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो हजार जण काढतात, मीही काढलेत. पण रात्री दोन वाजता रामदेव गल्लीत पायरीवर पोराला मांडीवर झोपवून चित्ररथाची वाट बघत बसलेली बाई कुणी काढत नाही. मी चित्ररथाकडं पाठ करून तिला काढतो. ऑर्डर नसते, पैसे मिळत नाहीत, तरी काढतो.

आणि लोकांना काय पाहिजे? प्री-वेडिंगला ड्रोन पाहिजे, धुराच्या नळकांड्या पाहिजेत. बाळ टोपलीत, डोक्यावर सशाचे कान. घर कुठं दिसता कामा नये! ज्या घरात जन्मलं त्या घराची लाज? ज्या हातांनी त्याला पहिल्यांदा तेल लावून न्हाऊ घातलं, ते हात पसाऱ्यात जमा? कुठल्या तोंडानं सांगता रे हे?

पैसे त्यांनी दिलेत, फोटो त्यांचे आहेत, हे मान्य. पुढचं बोलत नाही.

आईच्या त्या फोटोबद्दल एक गोष्ट राहिली. बाराव्यानंतर तो फोटो बाबांच्या हातात दिला. बाबा बोलणारे नव्हेत. चष्मा पुसून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "सुपाची कड बघ. निळी चिंधी बांधलीया. तुझ्या शाळेच्या चड्डीची हाय ती." तेरा वर्षं तो फोटो माझ्याकडं होता, मला ती चिंधी दिसली नव्हती. मग बाबा तासभर बोलले. त्या वर्षी तांदळात खडे किती होते, सूप कुठल्या बाजारातून आणलं होतं, आई किती घासाघीस करायची. ओळखपत्रावरच्या फोटोकडं बघून ते एक शब्द बोलले नव्हते.

एवढं लिहिल्यावर थोडा निवळलोय. तो पोरगा वाईट नाही. फोनवर दोनदा "आज्जीला वाईट वाटू नये" म्हणाला. जुन्या लुगड्यातला फोटो गावभर मोबाईलवर फिरला तर आज्जीलाच अवघडल्यासारखं होईल, असं त्याला खरंच वाटत असेल. चार माणसांत जायचं तर ठेवणीतलं लुगडं नेसायचं, हे आईनंही आयुष्यभर पाळलं.

पण त्या आज्जीला कुणी विचारलंच नाही. त्यानं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं, परत तांदळात बघायला लागली. त्यालाच मी होकार धरला.

म्हणून फोटोला हात लावलेला नाही. आज दुपारी मोठी प्रिंट काढून आणली. येत्या रविवारी गावात जातोय, प्रिंट थेट आज्जीच्या हातात देणार. नको म्हणाली तर तिच्यासमोर तिन्ही फोटो पुसून टाकीन. ठेव म्हणाली तर नातवाला तिनंच सांगावं, मी शेजारी बसून चहा पितो.

प्रिंटमध्ये बघितलं, तिच्याही सुपाची एक कड उसवलीय.