30 सेकंद थांबा

आमच्या घरात वीज गेली तर कुणी मनावर घेत नाही. इन्व्हर्टर आहे. पाणी गेलं तर पिंप भरलेलं असतं. पण नेट गेलं की माणसं आपापल्या खोल्यांतून बाहेर येतात आणि ओळख पटवून घेतात. परवा तसंच झालं. सासूबाईंच्या मालिकेत सून दाराआडून ऐकत असतानाच चक्र फिरायला लागलं, हिची मीटिंग तोंड उघडं ठेवून थिजली, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. कारण मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. मी पगारपत्रकं करतो, हे आता कुणाला आठवतही नाही.

चिरंजीवांनी फोन एरोप्लेन मोडवर टाकून परत काढला. हिने राउटर शोकेसमधल्या गणपतीमागून काढून कपाटावर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, “माझ्या फोनवर सगळ्या दांड्या दिसतायत की!” त्या दांड्या फक्त फोन ते राउटर एवढ्याच वाटेची ख्यालीखुशाली सांगतात. राउटरच्या पलीकडे जग बुडालं तरी त्या भरलेल्याच राहतात. हे मी सांगितलं. “मग दाखवतात कशाला?” याला उत्तर नव्हतं.

मी लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली. काळी खिडकी उघडली की घरात आपली किंमत थोडी वाढते. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता 192.168 ने सुरू होत होता, म्हणजे राउटरशी बोलणं होत होतं. 169.254 दिसला असता तर काळजी वेगळी: कॉम्प्युटरने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून स्टेशनवरच पथारी पसरावी तसा त्याने स्वतःच एक घेऊन टाकला. मग 8.8.8.8 ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गुगलच्या कॉम्प्युटरला, पिंग केलं, ‘आहेस का?’ अशी हाक मारली. तिथून उत्तर आलं असतं आणि तरीही साइट उघडल्या नसत्या, तर साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसला धरता आलं असतं. उत्तरच आलं नाही.

राउटरवर मात्र सगळं लिहिलेलं होतं. बाकी दिवे हिरवे, आणि ‘एलओएस’ नावाचा एक लाल, लुकलुकत. म्हणजे बाहेरून येणाऱ्या काचेच्या तारेतून उजेड पोचत नाही. इतका सरळ बोलणारा दिवा, पण घरात त्याच्याकडे कुणी बघत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी 3 दाबलं. हिंदी आलं. मग एक मराठी मॅडम आल्या.

“मॅडम, एलओएस लाल आहे.”

“सर, राउटर बंद करून 30 सेकंद थांबा.”

“अहो, तार तुटली असणार.”

“सर, 30 सेकंद.”

थांबलो. त्यांचा राग नाही. दहातल्या बऱ्याच वेळा हा उपाय खरोखर लागू पडतो. राउटर दिवसेंदिवस चालून अडखळतो, बंद-चालू केला की पाटी कोरी करून नव्याने पत्ता मागतो. पण तुटलेली काच अर्ध्या मिनिटात सांधली जात नाही. चालू केल्यावर मॅडमनी ब्राउझरची हिस्ट्री पुसायला सांगितली. तीही पुसली. हिच्यासमोर पुसली, हे विशेष. मग तक्रार नंबर आला. थोड्या वेळाने ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेजही आला. तो बघायला मला मोबाइल डेटा वापरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन आला. विशीतला पोरगा, पाठीला सॅक. त्याने राउटरला हातही लावला नाही. दिवा बघितला, हिरव्या टोकाची पिन काढून छोट्या मीटरला लावली आणि म्हणाला, “काका, लाइटच नाही.” मग गच्चीवर. आमच्या इमारतीवरून समोरच्या इमारतीकडे जाणारी केबल गुलमोहरातून जाते. पावसाळ्याआधीच्या छाटणीत फांदीबरोबर तीही गेली होती.

पोरगा गच्चीच्या कठड्यापाशी उकिडवा बसला. वरचं काळं आवरण सोललं, आतला धागा स्पिरिटने पुसला. सव्वाशे मायक्रॉन जाडी, उन्हात धरला तर दिसेना. दोन्ही टोकं कापून मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर ती सरकत समोरासमोर आली, ठिणगी पडली, आणि जोड नाहीसा झाला. मीटर उजेडाची ताकद उणे 19 दाखवू लागलं. “मस्त आहे काका. उणे 27 च्या खाली गेलं की गोंधळ.”

खालून सासूबाईंचा आवाज आला, “आलं गं, आलं!” पोरगा उरलेल्या केबलचं वेटोळं समोरच्या गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधायला गेला.

“आमच्या दांडीला नाही हं बांधायचं,” काकू गरजल्या.

तो गप्प उभा राहिला. काकूंनी माझ्याकडे बघितलं, केबलकडे बघितलं.

“बरं, बांध. पण यांचा पासवर्ड काय आहे ते विचार आधी.”