खुलासा : तुणतुणे म्हणजे एकतारी नव्हे

‘वारकऱ्यांच्या एकतारीलाच शाहिरांनी तुणतुणे हे टोपणनाव दिलं’ असा मजकूर सध्या फिरतोय. तार दोन्हीकडे एकच, पण वाद्यं वेगळी.

तुणतुणे हे नाव आवाजावरून पडलं. छेडल्यावर ‘तुण् तुण्’ वाजतं, म्हणून तुणतुणे. सारखा तोच सूर, म्हणूनच ‘आपलंच तुणतुणं वाजवणं’ हा वाक्प्रचार. एकतारीचं नाव मात्र तारेच्या संख्येवरून आलंय.

एकतारीत भोपळ्यातून दांडी आरपार जाते आणि तार घोडीवर (तारेखालच्या छोट्या आधारावर) टेकते. तुणतुण्याला घोडीच नसते. लाकडाचं (हल्ली पत्र्याचंही) पोकळ नळकांडं, वरचं तोंड उघडं, खालचं चामड्याने मढवलेलं. बाहेरच्या अंगाला काठी ठोकलेली, तिच्या टोकाला खुंटी. तार चामड्याच्या मध्यातून निघते, पोकळीतून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. म्हणजे तारेचा सगळा ताण चामड्यावर. चामड्याखालच्या टोकाला चकती किंवा बटण अडकवलं नाही तर तार चामडं कापत वर निघून येते. पावसाळी हवेत चामडं सैलावतं, सूर उतरतो. खुंटी पिळून पुन्हा शाहिराच्या षड्जाला (‘सा’ला) लावावा लागतो. उन्हात तापून चढला, तर खुंटी जरा सैल करायची.

चौंडकं या दुसऱ्या लोकवाद्याशी गल्लत झाली असती तर समजण्यासारखं होतं, त्याचंही अंग असंच मढवलेलं असतं. पण त्याला काठी नसते. ते काखेत धरतात आणि तार हाताने ताणतात.