गोव्याचा इतिहास दोन दिवसांत कसा उरकावा

शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघा. सोमवारची सुट्टी जोडून आली असेल तर फारच छान, कारण त्या रात्री चोर्ला घाटात निम्मं पुणे आणि उरलेलं बेळगाव तुमच्या सोबतीला असतं, एकटं वाटत नाही. खोली कळंगुट-बाग्याकडेच घ्या. जुने गोवे तिथून सोयीस्कर लांब आहे.

निघण्याआधी एक तयारी मात्र करावी लागते, ती म्हणजे मत घरूनच बनवून आणायचं. गोवा म्हणजे पोर्तुगीज, पोर्तुगीज म्हणजे चर्च, आणि चर्च म्हणजे मागे पांढरी भिंत व पुढे आपण. एवढं डब्यात भरून घेतलं की पुरतं. अडचण अशी, की इथल्या वास्तू जरा आगाऊ आहेत. तुमच्या मताला धक्का लागेल असं काहीतरी प्रत्येकीने दाराशीच मांडून ठेवलेलं असतं. ते कसं चुकवायचं, एवढंच सांगतो. आम्ही पणजीकर दर शनिवारी मोठमोठ्या तज्ज्ञांना ते चुकवताना बघतो.

शनिवारी जुन्या गोव्याला भर दुपारी एकला पोचा. सकाळी गेलात तर सावली असते, आणि सावली असली की माणूस थांबतो. वाटेत पणजीच्या पाटोपासून रायबंदरपर्यंत खाडीतून जाणारा तीनेक किलोमीटरचा सरळ रस्ता लागेल. हा 1630च्या दशकात बांधलेला बंधारा-पूल. त्यावरूनच गाडी पळवत मोबाईलमधल्या बाईला विचारा, हिस्टॉरिकल स्पॉट अजून किती लांब?

बॉम जेझूस बासिलिकेत हाफ पँट आणि बनियनवर आत सोडत नाहीत. दारावरच्या माणसाशी यावर हुज्जत घालून घ्या. गावच्या देवळात सोवळ्याचा आग्रह धरणारे काकाही इथे उत्तम भांडतात. मग भिंतीपाशी या. तांबूस जांभ्याची उघडी भिंत. ‘चारशे वर्षं अशीच उभी आहे बघ,’ असं मुलांना सांगा. चर्च 1605 मध्ये पुरं झालं आणि भिंत पुढची साडेतीनशे वर्षं गिलाव्याखाली होती, हे सांगू नका. 1950च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाला वाटलं की उघडा दगड जास्त प्राचीन दिसेल, आणि गिलावा खरवडून काढला गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात जांभा पाणी पितो. हात लावण्याइतकं जवळ गेलात तर चिऱ्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतात, बोटाला तांबडी भुकटी लागते. गिलावा परत करा अशी मागणी चर्चकडूनच झालेली आहे. पण मग तुमच्या फोटोतल्या प्राचीनतेचं काय? तेव्हा जवळ जाऊच नका, पाठ करून उभे राहा. दर्शनी भागावरचं काळ्या दगडातलं नक्षीकाम वसईहून आणलेल्या दगडाचं आहे, हेही सोडून द्या. वसई म्हणजे तीच, विरार लोकलवाली. सुट्टीत तिचं नाव कशाला?

आत गेल्यावर ‘बॉडी कुठाय?’ असं विचारा. सेंट फ्रान्सिस झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले, दोन वर्षांनी त्यांचा देह गोव्यात आणला. तो आता उंचावर, गोव्याच्याच सोनारांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहे. खालचं संगमरवरी काम टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेलं. दर्शनासाठी पेटी दहा वर्षांतून एकदा खाली येते. शेवटची 2024च्या नोव्हेंबरात आली होती, म्हणजे तुम्ही थोडक्यात हुकलात. गाइड पायाच्या अंगठ्याची गोष्ट सांगेल. एका भाविक बाईने तो चावून नेला म्हणतात. ही नीट ऐका, परतल्यावर हीच उपयोगी पडते.

दुसरी एक गोष्ट त्याने चुकून काढलीच, तर ‘उशीर होतोय’ म्हणा. 1683 साली संभाजीराजांचं सैन्य मांडवीपलीकडच्या जुवे बेटावर चढून आलं. शहर आता जातंय असं दिसल्यावर व्हाइसरॉयने झेवियरच्या देहाशी आपला राजदंड नेऊन ठेवला आणि राज्य तूच राख म्हणून साकडं घातलं. मोगलांची फौज मागे आल्यामुळे राजांना वळावं लागलं. इकडे श्रेय संताला मिळालं. म्हणजे ज्या पेटीसमोर उभं राहून तुम्ही ‘इथं आपलं काय आहे?’ म्हणता, तिच्यासमोर साम्राज्याचा प्रतिनिधी आपल्याच राजाच्या धाकाने गुडघ्यावर आला होता. आता एवढं सगळं ऐकत बसलं तर जेवण कधी करायचं?

‘इथं कुणाला मराठी येतं का हो?’ हा प्रश्नही याच आवारात मोठ्याने विचारायचा असतो. झेवियरच्याच जेझुइट पंथातल्या थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीने दहा हजारांहून जास्त मराठी ओव्या रचल्या आणि 1616 मध्ये त्या इथून जवळच राशोलला छापल्या. तुम्ही मात्र हिंदीत बोला. फ्रूट-प्लेटवाला पेडण्याचा असेल, तोही हिंदीतच उत्तर देईल, आणि दोघांनाही परदेशी आल्यासारखं वाटेल.

समोरचं से कॅथेड्रल चालता चालता बघा. 1562 साली सुरू झालेलं बांधकाम 1619 ला संपलं. ज्यांच्या फ्लॅटचा ताबा बिल्डरकडे अडकलाय त्यांनी इथे पाच मिनिटं बसावं, बरं वाटतं. एकच मनोरा का, असं मुलीने विचारलं तर ‘बजेट संपलं असेल’ म्हणा. दुसरा 1776 मध्ये कोसळला.

पुढे नदीकडे व्हाइसरॉयची कमान लागते. गोवा जिंकणाऱ्या वास्को द गामाने ती बांधली, हे तुम्ही घरून आणलेलं वाक्य इथे वापरता येईल. गोवा 1510 मध्ये आदिलशहाकडून घेतला तो आल्बुकर्कने. वास्को शेवटी वारला तो कोचीला. कमान त्याच्या पणतूची. हे महाशय व्हाइसरॉय होऊन आले आणि पणजोबांचा पुतळा नदीच्या बाजूला बसवून मोकळे झाले. घराणेशाही आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आली असं मानणाऱ्यांनी कमानीखालून मान खाली घालून जावं. शहराच्या बाजूला कोनाड्यात तलवार घेतलेली एक बाई आहे आणि तिच्या पायाखाली एक आडवा पडलेला माणूस. तो माणूस कोण, हा प्रश्न मनात येऊ लागलाच तर लगेच मोबाईल काढा.

या परिसरात एक जागा मात्र कटाक्षाने टाळा. सेंट काजेतानच्या चर्चच्या आवारात, रोमच्या सेंट पीटरची आठवण देणाऱ्या त्या घुमटाच्या पुढे, सहा-सात पायऱ्यांच्या जोत्यावर नुसतीच एक दगडी चौकट उभी आहे. दोन खांब, वर तुळई, आणि दोन्ही अंगांना फुटलेल्या जाळीचे तुकडे. मागे भिंत नाही, पुढे रस्ता नाही. हे आदिलशहाच्या वाड्याचं दार. पोर्तुगीज व्हाइसरॉय आधी त्याच वाड्यात राहत होते, आणि खांबांवरची कोरीव कामं बघणाऱ्याला वाटतं, दगड तर आदिलशहाच्याही आधीच्या एखाद्या देवळाचा असेल. बघा, एका चौकटीत किती गर्दी झाली. यात सेल्फी नीट येत नाही, कारण मागे काहीच नाही.

कमानीखालून सरळ गेलं की फेरीबोटीचा धक्का आहे. बोट पाच-सात मिनिटांत दिवाडी बेटावर सोडते. बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी फेरीबोट. तिने उतरलं की नार्वे. तिथे सप्तकोटेश्वर आहे. गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं हे दैवत मूळ दिवाडीवरचं. देऊळ मोडल्यावर नदीपार आलं, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. गाडीच्या मागच्या काचेवर महाराज, नंबरपाटीच्या वर महाराज, आरशाला लटकलेले महाराज, अशा गाड्या मी कमानीपाशी रोज बघतो. सगळ्या यू-टर्न मारून बाग्याला जातात. त्यांचंही बरोबर आहे. फेरीबोटीत चढताना गाडी खाली घासते.

सेंट ऑगस्टीनचे अवशेष टेकडीवर आहेत. चढ आहे, तेव्हा गाडीतूनच बघा. 1602 साली बांधलेला 46 मीटरचा मनोरा, आता निम्मा उरलेला. पाद्र्यांचे पंथ पोर्तुगीज सरकारनेच 1835 मध्ये बंद केले. राखायला कुणी उरलं नाही तेव्हा 1842 मध्ये चर्चचं छत पडलं, मग एकेक करत बाकीचं. इथल्या ढिगाऱ्यात जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. इराणात तिला 1624 मध्ये मारलं होतं. डीएनए तपासून खात्री झाली आणि 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला समारंभाने दिले. एका देशाचं दैवत या टेकडीवर पडून होतं. असो. या मनोऱ्यातली घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे, जिथे तुम्ही संध्याकाळी पायऱ्यांवर पांढरा गाऊन पसरून बसणार आहात. ती वाजली की दचकू नका, रील परत घ्या.

संध्याकाळची पणजी सोपी आहे. जुन्या सचिवालयाशेजारी एक काळा पुतळा आहे. झगा घातलेला माणूस हात पसरून आडव्या झालेल्या बाईवर वाकलेला. ‘पोर्तुगीजांचे अत्याचार’ असं खाली लिहून फोटो टाका, लाईक तयारच आहेत. तो आबे फारिया. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेला गोंयकार पाद्री. पॅरिसमध्ये तो संमोहन करून दाखवायचा, आणि झोप येते ती करणाऱ्याच्या शक्तीने नव्हे, समोरच्याच्या मनातून, असं त्या काळात सांगायचा. म्हणजे माणूस जे मानून आलेला असतो तेच त्याला दिसतं, हे ज्याने ओळखलं त्याच्याच पुतळ्यासमोर तुम्ही उभे आहात. दोना पावलाचंही तेच. खडकावरचं ते पांढरं जोडपं म्हणजे आत्महत्या केलेले प्रेमी, असं ड्रायव्हर सांगतो. ते एका जर्मन शिल्पकार बाईने 1969 मध्ये केलेलं भारताचं प्रतीक आहे. ड्रायव्हरची गोष्ट जास्त चांगली आहे, तीच घ्या.

मग फोंतेन्हास. इथली घरं रंगीत आहेत आणि त्यांत माणसं राहतात. दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करायचं. कुणाच्याही पायरीवर बसा, कुणाच्याही खिडकीला टेका. आतून आजीबाई ‘बाबा, वाट सोड’ म्हणाल्या तर ‘लोकल लोक फार रूड झालेत’ अशी नोंद करा. त्यांना सकाळचा पाव आत घ्यायचा होता, संध्याकाळचाही घ्यायचा आहे, आणि मध्ये तीन प्री-वेडिंग झालीत.

रविवार देवाचा. मंगेशी आणि शांतादुर्गा एकाच फेरीत आटपतात. दीपमाळेपाशी गर्दी करा, ‘आपल्याकडच्यासारखं नाही वाटत, चर्चसारखं वाटतं’ म्हणा. मंगेशाचं मूळ ठाणं कुठ्ठाळीला होतं, तिथून 1560च्या सुमाराला देव रातोरात नदी ओलांडून प्रियोळला आला. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसली होती. यातलं काही पुजाऱ्यांना विचारू नका, ते सांगत बसतील. परतताना आग्वादचा किल्ला आहेच. 1612चा, पाण्याच्या टाक्या, दीपगृह. खालच्या तुरुंगात स्वातंत्र्यसैनिक कोंडले होते, आता संग्रहालय आहे. तिकीट विचारा, ‘एवढं?’ म्हणा, आणि बाहेरूनच समुद्र बघा.

सोमवारी ऑफिसात कुणीतरी विचारेलच, त्याआधी घाटात रांगेत असतानाच रिव्ह्यू लिहून टाका. बासिलिकेला चार तारे द्या, एक पंख्यांसाठी कापा. फारियाला पाच, पार्किंग समोरच मिळतं. सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याला दोनच द्या आणि खाली लिहा: बांधकाम अर्धवट, काम संपल्यावर जावे.